दोन टबांचं मशीन घ्यावं की एका टबाचं?

मैत्रिणींनो, या महिन्यातल्या पत्रांत धुण्याच्या मशीनबद्दल विचारणारी पत्रं बरीच आहेत. त्यातलं लातूरकडून आलेलं एक पत्र वाचलं आणि बाकीचे विषय बाजूला ठेवले. या भगिनी लिहितात, "यजमानांनी आणि मुलाने मिळून पुढून दार उघडणारं फुल्ली ऑटोमॅटिक मशीन घ्यायचं ठरवलंय. हप्तेसुद्धा ठरले. मला दोन टबांचं, नॉब फिरवायचं साधं मशीन हवंय. मुलगा म्हणतो, 'आई, तुला त्यातलं काय कळतं?' धुणं मात्र बावीस वर्षं मीच धुतेय. माझं चुकतंय का?"

नाही हो, मुळीच चुकत नाही. पण नुसतं "मला हवंय" म्हणून घरात चालत नाही, हे तुम्हां-आम्हांला ठाऊक आहे. तेव्हा थोडी माहिती पदराशी बांधून बोलायला बसा.

सुरुवात पाण्यापासून करा. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, ते तुमच्या घरात कोणी विसरलं नसेल. पुढून दार असलेलं मशीन पाणी कमी पितं, हे खरं आहे, मुलाचं तेवढं मान्य करा. पण ते पाणी त्याला त्याच्या वेळेला, नळातूनच आणि ठरावीक जोराने लागतं. टाकी मशीनपेक्षा जितकी उंच, तितका नळाला जोर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. गच्चीच्या खालच्याच मजल्यावर राहणाऱ्यांची टाकी मशीनहून जेमतेम तीन मीटर वर असते, म्हणजे जोर ०.३ बार. पुष्कळ मशीनना निदान एवढा तरी लागतोच. टाकी अर्धी झाली किंवा नळाच्या जाळीत गाळ अडकला, की मशीन पाण्याची वाट बघत उभं. मग दुकानदार पंप सुचवतो. तो खर्च हप्त्यात धरलेला नसतो, बरं का!

दोन टबांच्या मशीनला यातलं काही लागत नाही. पिंपातलं पाणी बादलीने ओता, भागलं. शिवाय एकदा केलेलं साबणाचं पाणी लगेच सोडून द्यावं लागत नाही. आधी पांढरे कपडे, मग त्याच पाण्यात फिकट रंगाचे, मग गडद, आणि शेवटी पायपुसणी नि फडकी. रंग जाणारा नवा कपडा मात्र वेगळाच ठेवा. खळबळलेलं पाणी बादलीत धरलं तर संडासाला, अंगणाला होतं. हा हिशेब पत्रकात छापलेला नसतो, पण ज्यांच्याकडे आठवड्यातून एकदाच नळ येतो त्या बायकांना तो तोंडपाठ असतो.

आता टिकाऊपणाचं. आमच्या वन्संकडे चार वर्षांपूर्वी मोठं झोकदार मशीन आलं. बोट टेकवलं की दिवे लागायचे, गाणं वाजायचं. पावसाळ्यात एकदा विजेचा दाब खालीवर झाला आणि दिवे गेले ते गेलेच. मोटार ठणठणीत, टब ठणठणीत, फक्त आतली इलेक्ट्रॉनिक पाटी जळाली होती. आलेल्या माणसाने नव्या पाटीची किंमत सांगितली ती मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, वर ती यायलाच महिना. तो महिनाभर वन्सं चादरीसुद्धा दगडावर धूत होत्या. त्यांच्या बोटांना साबणाने भेगा पडतात, मशीन घेतलं होतं ते त्यासाठीच.

माझं दोन टबांचं मशीन २००७ सालचं आहे. त्याचा बेल्ट दोनदा बदलला, कपॅसिटर एकदा, ड्रायरचा टायमर एकदा. प्रत्येक वेळी गल्लीतल्या मेकॅनिकने एका तासात, काहीशे रुपयांत काम केलं. माझं मशीन फार भारी आहे असं नाही. त्यात बिघडण्यासारखंच थोडं आहे. धुण्याची एक मोटार, ड्रायरची एक मोटार, आणि घड्याळासारखे किल्लीवर चालणारे दोन टायमर. वीज गेली तर टायमर आपला टिकटिकत संपतो. आली की पुन्हा फिरवायचा. आमच्या सासूबाई ऐंशीव्या वर्षीही त्यावर आपलं लुगडं स्वतः लावायच्या, चष्मा न शोधता.

खरेदीला निघताना दुकानाच्या आधी मेकॅनिककडे जा, हे मी अगदी आग्रहाने सांगते. तुमच्या भागात जो चार घरची मशीनं उघडतो त्याला विचारा, "कुठल्या मशीनचे पार्ट इथे लगेच मिळतात?" तो दोन-तीन नावं सांगेल. त्यातलंच घ्या. गावात ज्याचा पार्ट मिळत नाही ते मशीन कितीही मजबूत असो, आपल्या कामाचं नाही.

दुकानात लाजू नका. नॉब हातात धरून फिरवून बघा. तो ढिला, डुगडुगता नको. फिरवायचा नेहमी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. उलटा फिरवला तर टायमर बिघडतो, आणि घरात हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. ड्रायर चालू करायला लावा आणि झाकण उघडायला सांगा. वीज तुटून ब्रेक लागला पाहिजे, टब पाहता पाहता थांबला पाहिजे. हा टब मिनिटाला हजारावर फेरे घेतो, तो पुरता थांबल्याशिवाय हात आत घालायचा नाही. नंतर मशीन तिरकं करून खालची बाजू बघा. तळाला जाळी हवी. उंदरांना वायरी फार आवडतात! कोकणात नि गोव्यात खाऱ्या हवेने पत्रा लवकर गंजतो, तिकडच्या भगिनींनी प्लॅस्टिकच्या बॉडीचंच घ्यावं. नॉबऐवजी दिव्यांची पाटी लावलेलं दोन टबांचं मशीन कोणी दाखवलं तर नको म्हणा. ज्यासाठी साधं घ्यायचं तेच त्यात गमावतो.

मापाबद्दल सगळ्यांचा घोळ होतो. सात किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन. दोन दिवसांचं धुणं चादरीत बांधा, वजनकाट्यावर ते घेऊन उभ्या राहा, आणि आपलं वजन वजा करा. चार माणसांच्या घराला सात किलोचं बहुतेक पुरतं. घरात जाड सोलापुरी चादरी असतील तर आठ-साडेआठचं घ्या, कारण टब गच्च भरला की कपडे फिरत नाहीत आणि मोटार तापते.

"दहा वर्षांची हमी" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं तर खालची बारीक अक्षरं वाचा. ती बहुतेकदा नुसत्या मोटारीची असते, सबंध मशीनची दोन वर्षांचीच. बिलावर तारीख नि शिक्का घ्या. कोणी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मुलगा म्हणेल की बाई एकाच अंगाने बोलल्या. दोन टबांच्या मशीनपाशी उभं राहावं लागतं. ओले, जड कपडे उचलून ड्रायरमध्ये टाकावे लागतात. ज्यांची कंबर किंवा मनगट दुखतं, ज्या सकाळी आठला नोकरीला बाहेर पडतात आणि ज्यांच्याकडे चोवीस तास जोराचं पाणी आहे, त्यांनी खुशाल ऑटोमॅटिक घ्यावं. त्यातही झाकण वर असलेलं घेतलं तर अडीअडचणीला बादली ओतता येते, मात्र खळबळताना ते पुन्हा पाणी मागेल तेव्हा जवळ कोणी हवं. बोअरचं जड पाणी असेल तर पाणी तापवणाऱ्या मशीनच्या हीटरवर क्षार धरतात, तेही लक्षात ठेवा.

लातूरच्या भगिनींनो, तुमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं ते पत्रात नाही, पण पिंपांचा उल्लेख आहे, त्यावरून मी ओळखलं. दोन टबांचं चांगलं मशीन साधारण दहा ते तेरा हजारांत येतं, हप्त्यांची गरजही कदाचित पडणार नाही. यजमानांना नि चिरंजीवांना एका रविवारी अख्खं धुणं पिंपातल्या पाण्यावर काढायला सांगा, तुम्ही खुर्चीत बसा. मग पुन्हा बोलणी करा.

आणि एक काम लगेच करा. या मशीनचं पाणी बहुधा उतारानेच बाहेर जातं, पाइप वर उचलला की तुंबतं. तेव्हा मशीन मोरीच्या कडेला, मोरीपेक्षा थोडं उंच बसेल अशी जागा मोजून ठेवा, आणि तिथे तीन पिनांचा अर्थिंग असलेला प्लग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. नसेल तर आधी तो बसवा, मशीन त्यानंतर आणा.