उंचीची सबब आणि रिबाउंडचा हिशेब

हंगाम संपला की महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांचे प्रशिक्षक प्राचार्यांना अथवा क्रीडा-समितीला जो वार्षिक अहवाल सादर करतात, त्यातील पराभवाच्या कारणमीमांसेत एक वाक्य हटकून आढळते: ‘प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने आपल्या खेळाडूंची उंची कमी असल्यामुळे रिबाउंडमध्ये आपण मागे पडलो.’ वाक्य मोठे सोयीचे आहे. उंची ही दैवाधीन बाब असल्यामुळे तिच्याबद्दल कोणाचाही जाबजबाब घेता येत नाही, आणि पुढील जूनमध्ये एखादा सहा फूट चार इंचांचा विद्यार्थी प्रवेश घेईल या आशेवर सारा मामला वर्षभर तहकूब ठेवता येतो. ही सबब सर्वस्वी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. सारख्याच चापल्याचे आणि सारख्याच जिद्दीचे दोन खेळाडू एकाच चेंडूसाठी उडाले तर ज्याचा हात उंच त्याचीच सरशी व्हायची. परंतु ज्या अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल हा एक राष्ट्रीय सोहळा होऊन बसला आहे, तेथील गाजलेल्या सामन्यांचे दाखले ताडून पाहिले असता असे दिसते, की ऐन मोक्याचा रिबाउंड निसटतो तो बहुधा उंचीच्या अभावी नव्हे, तर ज्याला अडवायचे त्याला कोणी अडवलेच नाही म्हणून.

१ एप्रिल २०१७ रोजी ॲरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे नॉर्थ कॅरोलायना आणि ऑरेगन या विद्यापीठांत झालेला राष्ट्रीय स्पर्धेचा उपान्त्य सामना या दृष्टीने प्रत्येक प्रशिक्षकाने चित्रफितीवर सावकाश, थांबून थांबून पाहण्याजोगा आहे. अखेरची सहाएक सेकंदे उरली असताना ७७–७६ अशी एका गुणाची आघाडी घेतलेल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या केनेडी मीक्सने दोन्ही फ्री थ्रो दवडले. नियमाप्रमाणे बास्केटलगतच्या दोन्ही जागा ऑरेगनच्या खेळाडूंकडे असूनही थिओ पिन्सनने आत घुसून चेंडू बाहेर टोलवला व तो जोएल बेरीच्या हाती गेला. ऑरेगनने बेरीवर फाउल केला, त्यानेही दोन्ही फ्री थ्रो दवडले, आणि या खेपेस खुद्द मीक्सनेच चेंडू हस्तगत करून सामना संपवला. लागोपाठ चार फ्री थ्रो चुकवूनही संघ विजयी होतो आणि दोनच दिवसांनी गोन्झागाला ७१–६५ असे नमवून अजिंक्यपदही मिळवतो, हा प्रकार विलक्षण खराच. पण त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की ऑरेगनच्या ज्या जॉर्डन बेलच्या अंगावरून हे दोन्ही चेंडू गेले, त्याच्या नावावर त्या सामन्यात सोळा रिबाउंड जमा होते.

हे उदाहरण एकाकी नाही. १९८३ च्या अंतिम सामन्यात, अल्बुकर्की येथे, ह्यूस्टनच्या हकीम ओलाजुवानने अठरा रिबाउंड घेतले होते, आणि तरीही ५२–५२ अशा बरोबरीत, शेवटच्या क्षणी, डेरेक व्हिटेनबर्गने लांबून मारलेला आणि रिंगपर्यंतही न पोहोचलेला चेंडू नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या लोरेन्झो चार्ल्सने हवेतच झेलून बास्केटमध्ये कोंबला. चार्ल्सच्या अंगाला त्या वेळी कोणाचेही अंग लागलेले नव्हते. ह्यूस्टनच्या खेळाडूंचे डोळे चेंडूवर खिळलेले होते.

या दोन प्रसंगांवरून बेल अथवा ओलाजुवान यांच्या कर्तबगारीस बट्टा लावण्याचा आमचा हेतू नाही. आमचा रोख आहे तो नोंदवहीवर. आपली नोंदवही चेंडू अखेरीस कोणाच्या हाती पडला एवढेच टिपते. तो पडण्यापूर्वी कोणी कोणाला रोखून धरले याची तिच्या दफ्तरी दादच नाही. परिणाम असा होतो, की ज्या खेळाडूने आपल्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन चेंडूपासून दूर ठेवले आणि त्यामुळे शेजारच्या सहकाऱ्याला तो आयता मिळाला, त्याची पाटी कोरी राहते, आणि जो आपले माणूस मोकळे सोडून चेंडूमागे धावला व दहातून सहा वेळा यशस्वी झाला, त्याला बक्षीस मिळते.

दुसरा दोष एकूण संख्येवर विसंबण्याचा. समजा, आपल्या संघाचे चाळीस नेम चुकले आणि त्यांपैकी बारा चेंडू आपण परत मिळवले. प्रतिस्पर्ध्याचे पंचवीसच चुकले व त्यांपैकी अठरा आपल्या हाती आले. गुणतक्त्यावर आपले रिबाउंड तीस आणि त्यांचे पस्तीस दिसतील, आणि प्रशिक्षक संघाला फैलावर घेईल. वस्तुतः आक्रमणात तीस टक्के आणि बचावात बहात्तर टक्के ही कामगिरी अमेरिकन महाविद्यालयीन मानानेही हिणकस नाही. दोष आहे तो नेमबाजीचा, कारण आपलेच नेम अधिक चुकल्यामुळे प्रतिपक्षाला रिबाउंडच्या संधी अधिक मिळाल्या. डीन ऑलिव्हर यांनी २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ या ग्रंथात रिबाउंड टक्केवारीनेच मोजावेत असा आग्रह धरला, आणि जयापजयाच्या चार घटकांत नेमबाजीला सुमारे चाळीस, चेंडू गमावण्याला पंचवीस, रिबाउंडला वीस व फ्री थ्रोला पंधरा टक्के असे वजन दिले. रिबाउंडचे भक्त हा विसाचा आकडा सहसा विसरतात. केंटकीच्या ऑस्कर त्शिब्वेने २०२१–२२ च्या हंगामात सामन्यामागे पंधराहून अधिक रिबाउंड घेतले, जे अमेरिकन महाविद्यालयांच्या सर्वोच्च श्रेणीत चार दशकांत कोणाला साधले नव्हते. आणि त्याच केंटकीला राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सने ८५–७९ असे घरी पाठवले, त्शिब्वेने त्या दिवशी तीस गुण आणि सोळा रिबाउंड मिळवलेले असतानाही.

मग पुढील हंगामासाठी करावे काय? आमच्या मते पहिले पाऊल बास्केटखाली नव्हेच, तर तीन गुणांच्या रेषेवर टाकावे लागते. बचावात आपण जे रिबाउंड गमावतो त्यांतील मोठ्या हिश्श्याचे मूळ शोधू गेल्यास ते दोन-तीन सेकंद अगोदरच्या एका फसलेल्या बचावात सापडते: आपला गार्ड चकला, प्रतिस्पर्धी ड्रिबल करीत थेट आत शिरला, त्याला अडवण्यासाठी आपला सेंटर आपले माणूस सोडून पुढे सरसावला, नेम चुकला, आणि सेंटरने सोडलेल्या त्या मोकळ्या माणसाने चेंडू उचलून विनासायास गुण केले. येथे सेंटरला बोल लावणे हा शुद्ध अन्याय आहे, कारण त्याने मदतीस धावून आपले कर्तव्यच बजावले. चुकला तो दूरच्या बाजूचा गार्ड, ज्याने त्या क्षणी आत धाव घेऊन सेंटरच्या बेवारस माणसाला, तो आपल्याहून वीतभर उंच असला तरी, कमरेत वाकून ढुंगणाने मागे रेटायला हवे होते. प्रशिक्षकांनी हा सराव पाचास पाच असाच घ्यावा. एकास एक बॉक्स आउटच्या कवायतीत उत्तीर्ण झालेले खेळाडू या अदलाबदलीत हमखास नापास होतात, कारण तेथे ‘माझे माणूस कोणते’ याचा निवाडाच त्यांना करता येत नाही.

प्रत्यक्ष बॉक्स आउटच्या क्रियेबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. ती सर्वांना पाठ आहे. मात्र तिचा क्रम बिघडतो. लांबून मारलेला चेंडू रिंगपर्यंत पोहोचायला एक-दीड सेकंद घेतो, आणि तेवढ्या अवधीत खेळाडूची नजर आपोआप चेंडूकडे वर जाते. ती प्रथम माणसाकडे वळवावी, हाताचा आडवा दांडा त्याच्या छातीला लावून मग पाठ फिरवावी, पंजे खांद्यांच्या पातळीवर उघडे ठेवावेत, आणि चेंडू रिंगवर आपटल्यावर, पाठीशी माणूस आहे याच समाधानात न राहता, चेंडूवर झेप घ्यावी. यातील शेवटचा भाग कित्येक संघ विसरतात. पाचही जण आपापली माणसे इमानाने अडवून उभे आणि चेंडू मध्येच टप्पे खात आहे, असे दृश्य आम्ही एकाहून अधिक मैदानांवर पाहिले आहे.

तीन गुणांच्या नेमांनी रिबाउंडचा भूगोलच पालटला, हेही ध्यानी घेतले पाहिजे. अमेरिकन महाविद्यालयांत ही रेषा पुरुषांसाठी १९८६–८७ पासून सर्वत्र आली व २०१९–२० मध्ये ती आंतरराष्ट्रीय अंतरावर, म्हणजे आपल्याकडे असते तशी ६.७५ मीटरवर, गेली. लांबून मारलेला चेंडू लांबच उसळतो, आणि कोपऱ्यातून मारलेला बहुधा पलीकडच्या बाजूस पडतो. म्हणून आज रिबाउंड ही सेंटरची वतनदारी राहिलेली नसून तीत गार्डांचाही वाटा आहे. नेम सुटताच जलद हल्ल्याच्या मोहाने अर्ध्या मैदानाकडे पळ काढणारा गार्ड ही बहुतेक संघांची गुप्त गळती असते. चेंडूचे हे वळण वाचणे ही अभ्यासाची बाब आहे. दोन मीटर उंचीचा, म्हणजे त्या धंद्यात बुटकाच गणला जाणारा, साउथईस्टर्न ओक्लाहोमा स्टेटचा डेनिस रॉडमन पुढे १९९२ ते १९९८ अशी सलग सात वर्षे व्यावसायिक लीगमध्ये रिबाउंडमध्ये अव्वल राहिला, तो मित्रांना निरनिराळ्या कोनांतून नेम मारायला लावून चेंडू कोठे आणि कसा उसळतो हे पाहत बसत असे. आपल्याकडील सिमेंटच्या मैदानांवर, जेथे एक रिंग ताठ आणि दुसरी सैल असते, तेथे तर हा अभ्यास यजमान संघाने केलाच पाहिजे.

आक्रमणातील रिबाउंडबाबत जुना शिरस्ता असा, की दोघा-तिघांनी आत घुसावे व उरलेल्यांनी बचावासाठी मागे फिरावे. ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक एरन फर्न यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘टॅगिंग अप’ ही पद्धत याच्या नेमकी उलट आहे: नेम सुटताच पाचही खेळाडूंनी आपापल्या प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या बाजूने जाऊन भिडावे आणि त्याला बास्केटच्या खाली दाबत न्यावे, म्हणजे लांब उसळलेला चेंडू आपल्या पुढ्यात पडतो, आणि तो न मिळाला तरी प्रत्येकाचे माणूस आधीच ताब्यात असल्यामुळे जलद हल्ला होत नाही. उंचीने तोकड्या संघांस ही पद्धत विशेष मानवेल असे आम्हांस वाटते. मात्र तीत अर्धवटपणा चालत नाही, एकजण जरी बघ्यासारखा उभा राहिला तरी पलीकडे आयते गुण जातात. ह्यूस्टनचे प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन सरावात रिंगवर झाकण बसवतात, जेणेकरून प्रत्येक नेम चुकतोच आणि प्रत्येक चेंडूसाठी झुंज होतेच. २०२५ च्या अंतिम सामन्यात फ्लोरिडाकडून ६५–६३ असा निसटता पराभव पत्करलेल्या या संघाची ओळख अशा सरावांतूनच घडली आहे. झाकणाला खर्च नाही; सुताराकडून फळीचा गोल तुकडा कापून घेतला तरी भागते. खर्च आहे तो शिट्टीचा: या झुंजीत पंच नसला तर पोरे धक्काबुक्कीलाच रिबाउंड समजू लागतात आणि सामन्यात पहिल्या पंधरा मिनिटांतच फाउलांनी बाद होतात.

वेळेची तक्रार आम्हांस ठाऊक आहे. अमेरिकेतही हंगामाबाहेर आठवड्याला आठच तासांची मुभा असते, आणि खेळाडू आता दरवर्षी विद्यापीठे बदलत असल्यामुळे तेथील प्रशिक्षकालाही दर वर्षी नव्याने श्रीगणेशा करावा लागतो. आपल्या महाविद्यालयांत तर निवडचाचणी आणि पहिला सामना यांत जेमतेम काही आठवडे हाती येतात. तेव्हा नव्या कवायती वाढवण्यापेक्षा प्रत्येक सरावसामन्यात एका जायबंदी अथवा राखीव खेळाडूस वही देऊन बसवावे, आणि दर चुकलेल्या नेमागे आपल्या पाचांपैकी किती जणांनी माणसाला अंग लावले एवढाच आकडा त्याने लिहावा. चेंडू कोणास मिळाला हे मुळीच लिहू नये. अशा वहीच्या कोष्टकाचा एक नमुना पुढील अंकी छापण्याची तजवीज केली आहे. ज्या प्रशिक्षकांकडे गतवर्षीचे गुणतक्ते शाबूत असतील, त्यांनी ते टक्केवारीत मांडून आमच्याकडे पाठवल्यास, संघाचे नाव वगळून, त्यांनाही जागा देण्यात येईल.