छोट्या शब्दांना हलके समजू नका!

अमरावती असो की अकोला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या पोरापोरींकडे एक वही हमखास सापडते. रोज दहा या हिशेबाने कठीण इंग्रजी शब्द त्यात उतरवलेले असतात आणि ते अर्थासकट पाठही असतात. पण मुलाखतीत 'तुम्हाला कशात रस आहे?' असे विचारले की हाच पोरगा 'आय ॲम इंटरेस्टेड' इथपर्यंत येतो आणि अडकतो. पुढे 'इन', 'ऑन' की 'फॉर'? समोरचा हसतो. पोरगा घरी येऊन म्हणतो, "मले इंग्रजी नाही जमत."

आमचा सवाल असा की त्याला नेमके काय जमले नाही? हजार शब्द जमले, दोन अक्षरांचा एक शब्द अडला. तो का अडला हे त्याला शाळेत, कॉलेजात, क्लासमध्ये कोणी समजावून सांगितले नाही. म्हणून हा लेख.

मराठीत दोन गोष्टींचे नाते दाखवणारा तुकडा शब्दाच्या शेवटी चिकटतो. माझ्यावर, त्याच्याशी, गणितात, तिला. आपल्या वऱ्हाडीत मले, तुले, त्याले. इंग्रजीत हाच तुकडा सुटा होतो आणि आधी येतो. त्यालाच आपण शब्दयोगी अव्ययाचा इंग्रजी भाऊ म्हणू. त्याच्या मागोमाग येणारे सर्वनाम रूप बदलते. 'ही' चे 'हिम', 'दे' चे 'देम', 'आय' चे 'मी'. हे आपल्याला नवीन नाही, आपल्याकडेही 'मी' चे 'माझ्या' होतेच. खरी मेख पुढे आहे. कोणते अव्यय घ्यायचे हे बहुतेक वेळा आधीचे विशेषण ठरवते, आणि आपण मात्र ते मराठी प्रत्ययावरून ठरवायला जातो.

'तो माझ्यावर रागावला' म्हणून आपण 'अँग्री ऑन मी' म्हणतो. इंग्रजीत 'अँग्री विथ मी'. 'तिचे त्याच्याशी लग्न झाले' म्हणून आपण 'मॅरीड विथ हिम' म्हणतो. इंग्रजीत 'मॅरीड टु हिम'. 'तो माझ्यावर जळतो' याचे आपण 'जेलस ऑन मी' करतो, पाहिजे 'जेलस ऑफ मी'. 'गणितात हुशार' चे 'गुड इन मॅथ्स' होते, रूढ इंग्रजी आहे 'गुड ॲट मॅथ्स'. म्हणजे या चुका मूर्खपणाच्या नाहीत. मराठीच्या नियमाने इंग्रजी बोलणाऱ्या शहाण्या माणसाच्या त्या चुका आहेत.

एक उदाहरण तर आपल्या बोलीच्या बाजूने साक्ष देते. हिंदीच्या 'उससे डर लगता है' मुळे अनेक जण 'अफ्रेड फ्रॉम हिम' म्हणतात. पण 'मले त्याचं भेव लागते' हे वाक्य आठवा. 'त्याचं' म्हणजे 'ऑफ हिम'. इंग्रजीही 'अफ्रेड ऑफ हिम' असेच म्हणते. ज्या बोलीला गावंढळ म्हणून हसले जाते, तिच्यात या प्रश्नाचे बरोबर उत्तर आधीच आहे. पोराला ते दाखवून देणारा मास्तर मात्र पाहिजे.

उपाय अवघड नाही. सुटे विशेषण पाठ करणे बंद करा. विशेषण, अव्यय आणि सर्वनाम असे तिघे एकत्र तोंडात बसवा. 'प्राउड ऑफ हर', 'काइंड टु देम', 'डिफरंट फ्रॉम अस', 'रिस्पॉन्सिबल फॉर इट'. यात फार तर्क शोधत बसू नका. खुद्द इंग्रजांत आणि अमेरिकनांत 'डिफरंट' च्या पुढे काय लावावे यावर एकमत नाही. ही सवयीची गोष्ट आहे, आणि सवय कोणत्याही जातीची मिरास नाही.

आता काही कार्यकर्ते मित्र विचारतील, "अर्थ कळला म्हणजे झाले. 'ऑन' की 'विथ' यात कशाला जीव काढायचा?" बाजारात, गप्पांत, व्हॉट्सॲपवर त्यांचे म्हणणे खरे आहे. तिथे चुकीला हसणाऱ्यालाच आम्ही अडाणी म्हणू. पण बाजाराच्या पुढे कोर्ट आहे. अमरावती-अकोल्याचे अपील नागपूर खंडपीठात जाते आणि संविधानाच्या कलम ३४८ प्रमाणे तिथली भाषा इंग्रजी आहे. तिथे छोटे शब्द माणसाला न्याय देतात किंवा रिकाम्या हाताने परत पाठवतात.

१९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा घ्या. जातीवरून अपमान झाला तर तो 'इन एनी प्लेस विदिन पब्लिक व्ह्यू' झाला पाहिजे, असे कायदा म्हणतो. यातल्या 'विदिन' वर किती खटले फिरले! २००८ साली स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक जागा वेगळी आणि लोकांच्या नजरेतली जागा वेगळी. घराचे फाटक खासगी असले तरी लोकांच्या नजरेत येते. २०२० साली हितेश वर्मा प्रकरणात घराच्या चार भिंतींच्या आतला आरोप मात्र याच शब्दांवर टिकला नाही.

दुसरे उदाहरण याहून मोठे. गंभीर गुन्हा पीडित अनुसूचित जाती-जमातीचा आहे 'ऑन द ग्राउंड दॅट', म्हणजे त्या कारणावरून घडला, असे पूर्वी सिद्ध करावे लागे. खून सिद्ध व्हायचा, पण जात हे कारण होते हे कोर्टाला पटायचे नाही. दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून तिथे 'नोइंग दॅट' आले. आता आरोपीला पीडिताची जात माहीत होती हे दाखवणे पुरे. चार शब्द गेले, दोन आले, आणि पीडिताच्या खांद्यावरचे ओझे हलके झाले. फिर्याद लिहून देणाऱ्या कार्यकर्त्याला हा फरक कळत नसेल तर नुकसान कोणाचे?

रोजच्या अर्जातही हेच चालते. शिष्यवृत्ती अडली की आपली पोरे लिहितात, 'आय शॅल बी ग्रेटफुल टु यू'. साहेबांचे उपकार! अरे, अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, ती कोणाच्या खिशातून येत नाही. लिहा, 'आय ॲम एन्टायटल्ड टु इट'. दोन्ही वाक्यांत 'टु' आहे. पहिल्या वाक्यात त्याच्या पुढे साहेब उभा आहे, दुसऱ्यात आपला हक्क. विशेषण आणि सर्वनाम बदलले की वाकलेला माणूस ताठ होतो.

सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले' मध्ये इंग्रजी शिकायला सांगितले. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले आणि पुढे याच भाषेत त्यांनी जगापुढे जातीची चिरफाड केली. आपण त्यांचे नाव घेतो आणि 'इन' की 'ॲट' ला घाबरून मुलाखत सोडून येतो, हे शोभते का?

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. आपल्या वस्तीतल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास काढा. दर आठवड्याला दहा जोड्या घ्या, प्रत्येकीचे वऱ्हाडी वाक्य आधी बोला, मग इंग्रजी. चुकणाऱ्याला हसायचे नाही, हा एकच नियम. आणि पहिल्या दिवशी फळ्यावर एक जोडी लिहा. 'सुपीरिअर टु अस' असे कोणी नाही. 'इक्वल टु देम' आपण आहोत.

जय भीम!