‘जनसंपर्क’ नावाचा गैरसमज

पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या नागरी संस्थेने लोकांत जाऊन नेमके काय करावे, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठरलेले उत्तर मिळते : पोलिस आणि जनता यांच्यातील दरी बुजवावी, परस्परांविषयीचे गैरसमज दूर करावेत, विश्वासाचे वातावरण निर्माण करावे. परिसंवादांतून आणि अग्रलेखांतून हे उत्तर इतक्या वेळा येऊन गेले आहे की ते आता कोणी तपासूनही पाहत नाही. आम्ही व्यवसायाने मराठीचे अध्यापक. कायदा हा आमचा विषय नव्हे. परंतु शब्दांची झडती घेणे हे आमचे रोजचे काम आहे आणि ‘गैरसमज’ हा शब्द आम्हांला या संदर्भात पहिल्यापासून संशयास्पद वाटत आला आहे. चौकीत ज्याच्या कानशिलात बसली, त्याचा कोणता समज गैर होता?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पोलिसांविषयी विश्वास निर्माण करणे हे देखरेख करणाऱ्या संस्थेचे काम नाही. ते पोलिसांचे काम आहे आणि ते त्यांनी आपल्या वागणुकीने करावे. संस्थेच्या माणसाने वस्तीत जाऊन सांगायचे ते एवढेच, की अन्याय झाला तर दाद कुठे मागायची, कशी मागायची, किती मुदतीत मागायची, तिच्यातून काय निष्पन्न होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही. यातले शेवटचे सांगणे सर्वांत अवघड आहे आणि बहुधा तेच गाळले जाते.

ते अवघड का, हे समजून घ्यायचे तर न्यूयॉर्क शहराकडे पाहावे. कारण वस्तीवस्तीत जाऊन असे सांगणे हे तिथे पगारी पदावरचे काम आहे. तेथील ‘सिव्हिलियन कम्प्लेंट रिव्ह्यू बोर्ड’ १९५३ मध्ये जन्माला आले ते पोलिस खात्याच्या पोटातच. तक्रारी ऐकणारे होते खात्याचेच उपायुक्त. १९६६ मध्ये महापौर जॉन लिंडसे यांनी त्यात चार नागरिक आणून बसवले, तर पोलिसांच्या संघटनेने सार्वमताचा घाट घातला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मतदारांनी ती व्यवस्था मोडीत काढली. पुढे सप्टेंबर १९९२ मध्ये, मंडळ संपूर्णपणे नागरी करण्याचा प्रस्ताव येताच, हजारो पोलिसांनी सिटी हॉलला गराडा घातला आणि ब्रुकलिन पुलावरची वाहतूक अडवली. तरीही १९९३ मध्ये मंडळ खात्याबाहेर पडले. चार नागरिकांच्या उपस्थितीने ज्यांचे पित्त खवळले, त्यांचा लोकांविषयी काही गैरसमज होता असे मात्र कोणी म्हणाल्याचे आमच्या वाचनात नाही.

या मंडळाच्या अधिकारकक्षेत मुळात चार गोष्टी येतात : बळाचा अवाजवी वापर, अधिकाराचा गैरवापर, उर्मट वर्तन आणि अवमानकारक भाषा. चौथ्या कलमाशी आम्ही भाषेचे लोक जरा अडखळून थांबलो. पोलिसाने जातीवरून, वर्णावरून शिवी देणे ही तिथे स्वतंत्र चौकशीची बाब आहे. आपल्याकडे मात्र ती पोलिसी बोलीची गंमत समजली जाते, आणि चित्रपटांत तर तिला टाळ्या पडतात. असो.

मंडळाचे जनसंपर्क कर्मचारी शाळांत, सार्वजनिक वाचनालयांत, सरकारी घरकुलांतल्या भाडेकरूंच्या बैठकांत आणि बेघरांच्या निवाऱ्यांत जाऊन बोलतात. लोकांशी थेट संबंध येणाऱ्या शहराच्या खात्यांनी इंग्रजीखेरीज दहा भाषांत सेवा द्यावी, असा २०१७ चा स्थानिक कायदा आहे. त्या दहांत बंगाली आहे, उर्दू आहे. हे सारे स्तुत्यच. पण अशा बैठकीत शेवटच्या रांगेतून जो प्रश्न येतो तो कोणत्याही भाषेत एकच असतो : मग त्या पोलिसाला शिक्षा होईल का? प्रामाणिक उत्तर असे, की मंडळ चौकशी करील, शिफारस करील. अखेरचा शब्द पोलिस आयुक्तांचा. गंभीर प्रकरणांत मंडळाचे वकील खटला चालवतात, हे खरे. परंतु तो चालतो पोलिस खात्याच्याच अंतर्गत न्यायकक्षात.

१७ जुलै २०१४ रोजी स्टेटन आयलंडवर एरिक गार्नर यांचा गळा आवळला गेला आणि ते मरण पावले. गळा आवळण्याला खात्याच्या नियमांनीच १९९३ पासून बंदी होती. प्रसंगाचे चित्रण जगाने पाहिले. तो अधिकारी बडतर्फ झाला १९ ऑगस्ट २०१९ रोजी. म्हणजे पाच वर्षांनी, मंडळाच्या वकिलांनी खटला चालवल्यानंतर आणि आयुक्तांनी मान्यता दिल्यानंतर. दरम्यान, याच अधिकाऱ्याविरुद्ध आधीही तक्रारी सिद्ध झाल्या होत्या, ही गोष्ट लोकांना कळली ती २०१७ मध्ये गुप्त नोंदी फुटल्या म्हणून. आणि त्या फोडणाऱ्या मंडळाच्या कर्मचाऱ्याला राजीनामा द्यावा लागला. पोलिसांच्या शिस्तभंगाच्या नोंदी झाकून ठेवणारे राज्याच्या कायद्यातले कलम जून २०२० मध्ये रद्द झाले. तोवर, ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे वस्तीत सांगणाऱ्याला अधिकाऱ्याचा पूर्वेतिहास सांगण्याची मुभा नव्हती. आपण ज्याला विश्वास म्हणतो तो अशा वेळी डोळ्यांवर बांधलेल्या पट्टीपेक्षा फार वेगळा कसा मानायचा?

तेथील तक्रारींचा मोठा भाग तक्रारदाराचा जबाबच न मिळाल्याने बंद होतो. याला लोकांची उदासीनता म्हणण्याची पद्धत आहे. आम्ही तिला उदासीनता मानत नाही. ज्याच्यावर त्याच प्रसंगातून फौजदारी खटला उभा राहिला आहे, त्याला त्याचा वकीलच गप्प राहायला सांगतो, कारण इथे दिलेला जबाब तिथे उलटू शकतो. हे धोके लपवून तक्रारींचा आकडा फुगवणारा जनसंपर्क हा विक्रेत्याचा धंदा झाला. ‘खरे सांगितले तर लोक तक्रारच करणार नाहीत’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. नाही करणार काही जण. तक्रार करायची की नाही हे ठरवण्याचा त्यांचा अधिकार आपण मानतो की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि वस्तीतून परतताना कर्मचाऱ्याने त्यांचा अविश्वास जसाच्या तसा मंडळाच्या टेबलावर आणून ठेवावा; अविश्वास घालवण्याचे कंत्राट घेऊन त्याने जाऊ नये.

आता महाराष्ट्राकडे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी जे आदेश दिले, त्यांत राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलिस तक्रार प्राधिकरणे स्थापावीत आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असे स्पष्ट म्हटले होते. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण जिल्ह्याच्या जागी विभाग घातला. छत्तीस जिल्ह्यांसाठी सहा विभाग! गडचिरोलीच्या माणसाचा विभाग नागपूर, सांगलीच्या माणसाचा पुणे. याच सांगलीत नोव्हेंबर २०१७ मध्ये एक तरुण पोलिस कोठडीत मारहाणीने मेला, त्याचे प्रेत आंबोलीला नेऊन जाळण्यात आले आणि आरोपी पळून गेल्याचा बनाव रचण्यात आला. न्यूयॉर्कच्या मंडळाला अधिकार अपुरा, पण त्याचा माणूस वस्तीत दिसतो. आमच्याकडच्या प्राधिकरणाचा माणूस कोणत्या तालुक्यात येऊन बोलून गेला, हे आम्ही वर्गात विचारले तेव्हा साठ मुलांत प्राधिकरणाचे नावही कोणाला ठाऊक नव्हते.

पोलिसांचा स्वतःचा जनसंपर्क मात्र उदंड आहे. गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक असते, तिथे पांढऱ्या सदऱ्यातली ठरावीक मंडळी चहा घेतात. दर जानेवारीत पोलिस स्थापना दिनाचा सप्ताह असतो. तेव्हा आमचीच मुले ठाण्यात जाऊन बंदुका पाहून येतात, ११२ क्रमांक पाठ करून येतात. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला समित्यांनी केलेले काम मोलाचे होते, हे आम्ही आडपडदा न ठेवता मान्य करतो. परंतु हवालदाराविरुद्धची तक्रार ठाणेदाराच्या शेजारी बसून करता येत नसते. सलोखा आणि देखरेख ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्याची जागा पहिल्याने अडवली, की खात्याची सोय होते.

लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून पोलिसांचे वस्तीतले वर्तन हा आमच्या विद्यापीठीय मराठीत ‘सामाजिक आशय’ म्हणून गुण मिळवून देणारा मुद्दा आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये गेला, हेही मुले उत्तरपत्रिकेत नेमके लिहितात. तीच मुले सुट्टीत पालावर गेली, की चोरी कुठेही झाली तरी जीप पहिली तिथेच येते. त्या जीपला विचारणारे कोणी आहे, ही माहिती मात्र ना पाठ्यपुस्तकात आहे, ना पालावर.

सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी, पोलिस ठाण्यांतील कॅमेऱ्यांविषयीच्या निकालात, मानवी हक्कांच्या भंगाविरुद्ध तक्रार करण्याचा हक्क सांगणारे मोठे फलक ठाण्याच्या दारात आणि आत, स्थानिक भाषेतही लावावेत, असा आदेश दिला. फलक वाचायला माणसाला आधी ठाण्यात जावे लागते. म्हणून आमची मागणी माणसांची आहे : प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरणाची, पोलिस खात्याच्या पगारपत्रकावर नसलेली, गोरमाटी, पारधी, गोंडी, माडिया बोलणारी माणसे. दर वर्षी आमच्या विभागांतून मराठी घेऊन एम. ए. होणाऱ्यांत ती सापडतील. सध्या त्यांच्यातले बरेच जण पोलिस भरतीच्या तयारीला लागतात.