वेगाची किंमत कोण चुकवितो?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एकेरी मार्गिकेचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. गिनीज विक्रमांत त्याची नोंद झाली. रात्रंदिवस राबलेल्या मजुरांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु याच वऱ्हाडात शाळेपुढे गतिरोधक किंवा चौकात सूचनाफलक मागणाऱ्या नागरिकांच्या अर्जाला अशी घाई का लाभत नाही?

प्रश्न साधनांचा नसून अग्रक्रमाचा आहे. वेगाचा लाभ वाहनधारकाला मिळतो. त्याची किंमत मात्र पायी चालणारा चुकवितो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. रस्त्याच्या जमाखर्चात हा खर्च कोठेच मांडला जात नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेले १९८-अ हे कलम मानके न पाळणाऱ्या यंत्रणेला व कंत्राटदाराला जबाबदार धरते. पण ते मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यानंतर, आणि तेही फार तर एक लाख रुपये दंडापुरते. म्हणून लोकांनी आधीच जागे व्हावयास हवे.

मनमानी उंचवटे दुचाकीस्वाराच्याच जिवावर उठतात. तेव्हा मागणी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार, रंगीत पट्टे व आगाऊ फलक यांसह करावी. कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीतून लेखी अर्ज द्यावेत, पोच घ्यावी, उत्तराची मुदत मागावी. रस्त्याचे तास मोजणाऱ्या शासनाला फलकाचे दिवसही मोजावयास लावले पाहिजे.