तुमच्या नोटचा 'गाव नमुना'

मीटिंग ऐन रंगात आलीये आणि रत्नागिरीहून फोन येतो, "अरे, वारसनोंदीची नोटीस आलीये रे!" तुम्ही काय करता? मोबाईलमध्ये 'जमीन नोटीस' एवढंच टाइप करून मोकळे. आठवड्यानं वाचलं तर कुठली जमीन, नोटीस कधी आली, काही पत्ता नाही. आणि हरकत घ्यायला मुदत असते फक्त 15 दिवसांची!

मंडळी, यावरचा उपाय महसूल खात्याच्या दप्तरातच आहे. हसू नका. सातबारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12, हे दोन फॉर्म एकत्र. पण नवं नाव थेट सातबाऱ्यावर चढत नाही. आधी ते गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत जातं. मग नोटीस, हरकती, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी आणि त्यानंतर सातबारा. आधी नोंद, निर्णय मागाहून.

ईमॅक्स या एडिटरमधला ऑर्ग मोड याच डोक्यानं चालतो. ॲमस्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी तो 2003 मध्ये सुरू केला. फुकट आहे आणि सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतो. त्यातल्या 'कॅप्चर'ला तुम्ही स्वतःचे नमुने बनवून देऊ शकता. प्रत्येक नमुन्यात पाच गोष्टी सांगायच्या: कुठलं बटण, नमुन्याचं नाव, नोंदीचा प्रकार, कुठल्या फाइलीत जायचं आणि मजकुराचा साचा. साच्यात टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं, की कर्सर बरोब्बर तिथे येऊन थांबतो. आजची तारीख-वेळ आपोआप पडते, आणि हवी ती माहिती तो तुम्हाला विचारूनही घेतो.

इथेच उत्साही लोक घसरतात. दहा रकाने, पंधरा टॅग! फोन कानाला असताना कोण भरणार हो? माझ्या 'घर' नमुन्यात तीनच प्रश्न आहेत: कोणाचा फोन, कशाबद्दल, शेवटची तारीख कोणती. ती तारीख 'डेडलाइन' म्हणून पडते. फाइल अजेंड्याच्या यादीत असली, की मुदतीच्या 14 दिवस आधीपासून ती रोज डोळ्यांसमोर येते. ही ऑर्गची मूळचीच सेटिंग. म्हणजे नोटिशीचे जवळजवळ सगळे दिवस कव्हर!

वर्गवारी रविवारी, चहा घेताना. 'रीफाइल' कमांड दिली, की नोंद आपल्या जागी जाऊन बसते. बागेचं बागेत, बँकेचं बँकेत. जो प्रश्न सलग तीन आठवडे रिकामा राहिला, तो नमुन्यातून सरळ उडवा.

बाकी एक लक्षात असू द्या. ईमॅक्स तारखेची आठवण देईल, पण लेखी हरकत तुम्हालाच द्यायची आहे. तेव्हा कोकण रेल्वेचं तिकीटही त्याच नोंदीखाली टिपून ठेवा!