सेवेला जमाखर्चाचे वावडे का?

रुग्णवाहिकेच्या लोकार्पणाला गर्दी होते. नारळ फुटतो, दात्याच्या नावाची पाटी झळकते, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात छायाचित्र येते. वर्ष-दीड वर्षाने तीच गाडी संस्थेच्या आवारात धूळ खात उभी असलेली दिसते. कारण चालकाचे वेतन, विम्याचा हप्ता आणि टायर यांचे दान करण्यास कोणी पुढे आलेले नसते. पाटी मात्र स्वच्छ पुसलेली असते!

हा दोष एखाद्या संस्थेचा नव्हे. समाजाच्या दानबुद्धीचा आहे. इमारतीला, यंत्राला, औषधाला पैसा द्यायचा. परंतु नोंदी ठेवणाऱ्याला, भांडार सांभाळणाऱ्याला, परिचारिकांना प्रशिक्षण देणाऱ्याला पैसा द्यायचा म्हटले की ‘तो वायफळ खर्च’ असे मानायचे, ही वृत्ती सुशिक्षित मध्यमवर्गात खोलवर रुजली आहे. ‘आमच्या देणगीतील प्रत्येक रुपया थेट रुग्णापर्यंत जातो’ असे संस्थाही अभिमानाने छापतात. तो रुपया रुग्णापर्यंत कोण नेतो, त्या माणसाच्या घरची चूल कशावर पेटते, हा प्रश्न दाता विचारत नाही आणि संस्था सांगत नाही.

कुष्ठरोगाचे उदाहरण घ्यावे. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि शतकानुशतकांचा हा शाप औषधाने बरा होऊ लागला. औषध रुग्णाला विनामूल्य मिळते. ते रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने नियमाने घ्यावे लागते. म्हणजे अडचण औषधाच्या किमतीची नाही. तिसऱ्या महिन्यात न आलेला रुग्ण कोणत्या पाड्यावर राहतो, मजुरीसाठी तो कोठे गेला, त्याच्या घरातील इतरांच्या अंगावर चट्टे आहेत काय, बधिर झालेल्या पायासाठी त्याला मऊ रबराची चप्पल मिळाली काय, हे सारे एका नोंदवहीत असावे लागते आणि ती वहीत पाहून कोणीतरी सायकल काढावी लागते. वही नसेल तर कपाटात औषध पडून राहते आणि रुग्णाची बोटे वाकडी होतात.

डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाहून कमी झाले. ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन’ असे त्याला म्हटले गेले. लोकांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकला. त्यानंतरही जगातील नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातच आढळत आले आहेत. देणगीदारांचे लक्ष उडाले. रोग गेला नाही. अशा वेळी संस्था टिकते ती करुणेच्या उमाळ्यावर नव्हे, तर आतील घडीवर.

छत्तीसगडमधील चांपा येथील भारतीय कुष्ठ निवारक संघाचा इतिहास या दृष्टीने मुळातून अभ्यासण्यासारखा आहे. सदाशिव गोविंद कात्रे हे रेल्वेतील नोकरदार, स्वतः कुष्ठरुग्ण. ख्रिस्ती मिशनच्या रुग्णालयात उपचार घेत असताना तेथील वातावरण त्यांच्या स्वाभिमानाला मानवले नाही. १९६२ मध्ये त्यांनी चांप्याला स्वतःचे कार्य उभे केले. त्यांच्या त्यागाची कथा बौद्धिकांतून पुष्कळदा सांगितली जाते आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु त्या कथेचा दुसरा भाग सहसा वगळला जातो. हयात असतानाच कात्रे गुरुजींनी दुसरा माणूस जोडला. अमरावती जिल्ह्यातील पथ्रोटचे दामोदर गणेश बापट १९७० च्या दशकाच्या प्रारंभी, वनवासी कल्याण आश्रमाच्या कामातून चांप्यास आले. संस्थापकाच्या निधनानंतर काम थांबले नाही, कारण उत्तराधिकारी शेजारी उभा होता. बापटांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली; २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. एका कुष्ठरुग्णाने लावलेले रोप अर्धशतकाहून अधिक काळ वाढले, यात दैवी चमत्कार शोधण्याचे कारण नाही. माणसामागे माणूस उभा करण्याची ती रीत आहे.

मिशनऱ्यांच्या धर्मांतरावर टीका करणारे लेख या देशात भरपूर लिहिले गेले, आणि ते साधार होते. पण १८७४ पासून कुष्ठरोगाच्या क्षेत्रात वावरणाऱ्या ‘द लेप्रसी मिशन’सारख्या संस्था दीडशे वर्षे कशा टिकल्या, याचा विचार किती टीकाकारांनी केला? त्यांच्या हेतूंविषयी वाद असू शकतो. त्यांच्या दप्तराविषयी नाही. निषेधाचा ठराव एका बैठकीत होतो. तशी दप्तरे उभी करायला एक पिढी जाते.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे : ‘वेतन, लेखापाल, व्यवस्थापन हे सारे आले की सेवेची स्वयंसेवी संस्था होते, पंचतारांकित चर्चासत्रे सुरू होतात, सेवाभाव मरतो.’ हा आक्षेप अनुभवातून आला आहे, हे नाकारता येत नाही. विदेशी पैशावर वातानुकूलित कार्यालये थाटणाऱ्या मंडळींनी हे क्षेत्र पुरेसे बदनाम केले. २०२० मध्ये विदेशी अंशदान कायद्यात दुरुस्ती होऊन प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली, ती त्यामुळेच योग्य होती. पण त्याच कायद्याच्या नियमांनी रुग्णालयातील डॉक्टरांचे वेतन प्रशासकीय खर्चातून वगळलेले होते. म्हणजे उधळपट्टी कोणती आणि कामाचा कणा कोणता, हे सरकारी नियमाला कळते. स्वतःला विचारी म्हणवणाऱ्या दात्याला कळत नाही.

आणि सेवाभावाच्या नावाने गबाळेपणा खपवून घेण्याचे कारणच काय? स्वामी विवेकानंदांनी १८९७ मध्ये रामकृष्ण मिशनची स्थापना केली, ती संघटनेवाचून मोठे आणि टिकाऊ कार्य होत नाही हे पाश्चात्त्य देशांत डोळ्यांनी पाहिल्यावर. डॉ. केशव बळिराम हेडगेवार कोलकात्याहून वैद्यकीय शिक्षण घेऊन नागपूरला परतले. त्यांनी दवाखाना थाटला नाही. १९२५ मध्ये संघटना उभारली. त्यांच्या नावाचा जयघोष करणाऱ्यांनी सेवाकार्यात मात्र संघटनशास्त्राला सुटी द्यावी, ही विसंगती आहे. शाखेत संख्येची नोंद रोज होते. सेवाकेंद्रात औषधांच्या मुदतीची नोंद का होत नाही? ‘आपलाच माणूस आहे, हिशेब काय मागायचा’ हे वाक्य बैठकीत उच्चारले जाते तेव्हा त्या माणसाचा गौरव होत नसतो. त्याला एकटे सोडले जात असते.

याउलट लातूर. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केले, तेव्हा लातूर जिल्ह्याचेही ठिकाण नव्हते. एका कर्तबगार शल्यविशारदाभोवती फिरणारा दवाखाना काढणे त्यांना सोपे होते. त्यांनी सहकारी डॉक्टरांचा संघ बांधला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे दगावली, जखमींचा ओघ लातूरकडे लागला. त्या दिवशी कामास आली ती सत्तावीस वर्षांची सवय : कोणी शस्त्रक्रियागृहात उभे राहायचे, कोणी नावे लिहून घ्यायची, रक्त, मलमपट्टी, साहित्य कोठे आहे, हे ठाऊक असलेली माणसे. भूकंपाच्या दिवशी भांडारपाल नेमता येत नाही.

आज लहान सेवासंस्थांवर कायद्याचा भारही वाढला आहे. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले. २०२१ मध्ये आयकर सवलतीसाठी संस्थांना नव्याने नोंदणी करावी लागली, पाठोपाठ प्रत्येक देणगीदाराचे विवरण देणे आले. यात गैर काहीच नाही. पण निवृत्त शिक्षकाने सायंकाळी दोन तास येऊन हे सारे निभवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. एखादे विवरणपत्र चुकले की दंड भरावा लागतो, आणि तो रुग्णाच्या औषधातूनच जातो.

तेव्हा ज्या कुटुंबांत वर्षप्रतिपदेला, वाढदिवसाला, वडिलांच्या पुण्यतिथीला सेवाकार्यास देणगी देण्याचा शिरस्ता आहे, त्यांनी यंदा पाटीचा आग्रह सोडावा आणि एका लेखापालाचे वा क्षेत्रात हिंडणाऱ्या आरोग्यरक्षकाचे वर्षभराचे मानधन उचलावे. विश्वस्तांनी पुढच्या बैठकीत इमारतीच्या दुसऱ्या मजल्याचा विषय बाजूस ठेवून आधी एवढे ठरवावे, की सध्याचे कार्यवाह उद्या आजारी पडले तर कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे जाणार, आणि तो माणूस आजपासूनच त्यांच्या शेजारी बसू लागेल काय.