ताबा कागदावर, नात बडोद्याला

मंडळी, बरेच दिवस गप्प होते. परवा चैत्रातल्या हळदीकुंकवाला एक काकू म्हणाल्या, "अहो, नात बापाकडेच आहे ना? कुठे परक्याकडे आहे?" तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं.

आम्ही इंदूरचे, लेकीचं सासर बडोद्याचं. दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच. पत्रिका जुळली, बाकी जुळलं नाही. लेक परत आली, नात इथे शाळेत जाऊ लागली, आणि इथल्या कोर्टाने ताबा आईकडे दिला. बापाला सुट्टीतली भेट दिली. दिवाळीत जावई आठ दिवसांसाठी घेऊन गेले. शाळा सुरू झाली, नात आली नाही.

निकालाची प्रत घेऊन आम्ही बडोद्याला गेलो. ठाण्यातले साहेब म्हणाले, "बा, आ तो सिविल मॅटर छे." झालं!

वकिलांनी मग समजावलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९ मध्ये २००२ साली स्पष्टच घातलंय की निकाल देणाऱ्या कोर्टाला हद्दीबाहेरच्या माणसावर अंमलबजावणी करता येत नाही. म्हणजे निकाल तिकडच्या कोर्टाकडे पाठवा, तिथे वेगळा अर्ज, वेगळा वकील, नोटीस, तारीख. दुसरा रस्ता हायकोर्टात हेबियस कॉर्पसचा. मूल पालकाकडे असलं तरी तो ताबा बेकायदा असेल तर हा अर्ज चालतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये तेजस्विनी गौड प्रकरणात सांगितलंय. आम्ही तोच केलाय.

पण कायद्यापेक्षा माझा राग आपल्याच माणसांवर जास्त आहे. आम्ही लगेच अर्ज करणार होतो. दोन्हीकडचे बुजुर्ग मध्ये पडले. "कोर्टकचेरी कशाला, दोन घरांची अब्रू आहे, सामोपचाराने घ्या." आम्ही मूर्खासारखे तीन महिने थांबलो. आता तिकडून उत्तर आलंय: मुलगी इथे रुळली आहे, नव्या शाळेत रमली आहे, तिला हलवणं तिच्या हिताचं नाही. आमचे ते तीन महिने त्यांनी आमच्याच विरुद्ध वापरले! अब्रू राखणारे बुजुर्ग आता फोन उचलत नाहीत.

मुलाचं हित सगळ्यात वर, हे मलाही मान्य आहे. बापाची माया खोटी असंही मी म्हणत नाही. निकाल पटला नव्हता तर अपील होतं. सहा वर्षांच्या पोरीला ठेवून घेणं हे अपील नव्हे. आणि हुकूम मोडून मूल ठेवायचं, मग रुळलं म्हणून दाखवायचं, हे चाललं तर निकालाचा कागद वाणसामान बांधायलाच वापरावा.

बडोद्याच्या मंडळींनो, पाडव्याला नवा फ्रॉक घातलेल्या तिच्या फोटोला तुमच्यातल्या कितीतरी जणांनी लाइक दिलं. मी पाहिलं. तिच्या आईला कुणी एक फोन केलात का?

मध्यस्थी अजूनही करायची असेल तर निरोप एवढाच न्या: आधी मुलगी इंदूरला पोहोचवा. चहा-पोहे, बोलणी, सगळं त्यानंतर.